लॉचं पहिलं वर्ष 'निघंल की' म्हणून सोडू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याला कोर्टात वकिली करते, तेरा वर्षं झाली आता. माहेर कोरेगाव तालुक्यातलं, घरात माझ्या आधी कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, ना वकील म्हणून ना पक्षकार म्हणून. परवा एका दाव्याच्या कागदांच्या कॉप्या काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेले तर तिथं लॉच्या पहिल्या वर्षाची पाच सहा पोरं पोरी उभी होती, पेपर तोंडावर आलेत, आणि सगळी मागत होती 'संच'. संच म्हणजे मागच्या पेपरातले पंधरा वीस प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं, बावीस पानं, वर स्टेपल मारलेली. त्यातल्या एकीला मी विचारलं, बेअर अॅक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) वाचलास का गं, तर म्हणाली मॅडम ते वाचून काय कळत नाही आणि पहिलंच वर्ष आहे की, राहिला एखादा विषय तर एटीकेटी आहे. मला तिचा राग नाही आला, कारण हेच वाक्य २००९ साली मी पण बोलले होते आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच माणसानं मोजली. म्हणून हे पत्र.

आमच्या वेळी आख्ख्या सेमिस्टरला कॉन्ट्रॅक्टची चौदा लेक्चर झाली. शिकवणारे सर मधेच दुसरीकडं गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पहिल्यांदा माझा विषय राहिला, दुसऱ्यांदा संच पाठ करून सुटला. घरात पेढे वाटले आईनं. पुढं सनद मिळाली, सिनियरांच्या ऑफिसात बसायला लागले आणि वर्षाच्या आत आमच्याच भागातले एक शेतकरी आले. सिनियर हायकोर्टाच्या कामाला मुंबईला गेलेले, ऑफिसात मी एकटी. व्यवहार आल्याचा होता. आपल्याकडं आलं गाडीवर विकतात, गाडी म्हणजे पाचशे किलो, व्यापारी बांधावर येतो, दर ठरतो, थोडा विसार हातावर ठेवतो आणि माल काढून नेतो, कागद कोण करत बसत नाही. यांचं बारा गाडी आलं गेलेलं, गाडीला अठरा हजार ठरलेले, म्हणजे दोन लाख सोळा हजार व्हायचे, त्यातले हातात आले पन्नास हजार. बाकीचे एक लाख सहासष्ट हजार आज देतो उद्या देतो. त्यांच्याकडं वजनाच्या चिठ्ठ्या होत्या, दर ठरला तेव्हा हजर असलेले दोन शेजारी होते. मी विचारलं, करार लेखी आहे का? नाही म्हणाले. मग मी सांगितलं, काका, लेखी नसेल तर कोर्टात टिकणार नाही. ते उठले, चहा अर्धाच ठेवला आणि गेले.

मी चुकीचं सांगितलं होतं. तोंडी करार हा सुद्धा करारच असतो. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम १० काढून बघा, त्यात काय पाहिजे म्हटलंय, तर दोघांची मोकळ्या मनानं दिलेली संमती, दोघं करार करायला लायक, मोबदला आणि हेतू कायदेशीर, आणि तो करार कायद्यानं रद्द ठरवलेला नसावा, बस. एखाद्या कायद्यानं मुद्दाम लेखीच पाहिजे असं सांगितलं असेल तरच कागद लागतो. आणि मालाच्या विक्रीबद्दल १९३० चा सेल ऑफ गुड्स अॅक्ट कलम ५ मधे उघड म्हणतो की तोंडी चालतं. म्हणजे त्या काकांकडं दावा लावण्यापुरतं सगळं होतं, चिठ्ठ्या होत्या, साक्षीदार होते. हे मला उमगलं चार वर्षांनी, दुसऱ्याच एका दाव्याची तयारी करताना कलम १० पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचलं तेव्हा. त्याच रात्री त्यांच्या घरी फोन केला. पण विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत लावायचा असतो, ती मुदत कधीच निघून गेलेली. फोन त्यांच्या मंडळींनी घेतला, म्हणाल्या आम्ही तो विषय सोडून दिला ताई.

तेव्हापासून मी परीक्षेच्या आधीचे तीन चार रविवार पहिल्या वर्षाच्या पोरांची रिव्हिजन घेते, फुकट, एका अभ्यासिकेत. सात वर्षं झाली. त्या अनुभवावरनं जे दिसतंय ते इथं लिहिते, कॉलेजनुसार सेमिस्टर मागंपुढं होतात पण विषय हेच असतात, कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट (दुसऱ्याचा हक्क मोडला तर भरपाईचा कायदा), राज्यघटना, फॅमिली लॉ आणि गुन्ह्यांचा कायदा.

कॉन्ट्रॅक्टची रिव्हिजन कलम २ पासनं करा, त्यातल्या व्याख्या एकीला एक जोडलेल्या आहेत, बैलगाडीच्या साखळीसारख्या. एकानं प्रपोजल दिलं, दुसऱ्यानं मान्य केलं की झालं प्रॉमिस, त्याला मोबदला आला की अॅग्रीमेंट, आणि ते कायद्यानं अंमलात आणता येत असेल तर कॉन्ट्रॅक्ट. या चार पायऱ्या ज्याला बांधावरच्या आल्याच्या व्यवहारावर लावता आल्या त्याचा निम्मा विषय झाला. कायद्यातच कलमांखाली उदाहरणं दिलेली आहेत, 'अ' नं 'ब' ला घर विकायचं म्हटलं वगैरे, ती पोरं सोडून देतात, खरं तर तीच आधी वाचायची. आमच्याकडं आम्ही 'अ' आणि 'ब' खोडून चुलत्याचं आणि व्यापाऱ्याचं नाव घालतो, लगेच डोक्यात बसतंय. केसचं पण तसंच. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३, प्रिव्ही कौन्सिल, एवढं सगळी लिहितात, पण झालं काय होतं हे विचारलं की गप्प. अज्ञान मुलानं आपली मिळकत सावकाराकडं गहाण टाकली, सावकाराच्या माणसाला तो अज्ञान आहे हे ठाऊक होतं, तरी व्यवहार केला, आणि कोर्टानं सांगितलं की अज्ञानाचा करार मुळातनंच रद्द, सावकाराला त्याचे पैसे पण परत मिळाले नाहीत. आता सतरा वर्षाच्या पोरानं सेकंडहँड मोटारसायकलचा सौदा केला तर काय, हे झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या पोरीला विचारा, ही केस माहीत असेल तर ती दोन मिनिटात सांगंल.

टॉर्टला पोरं सगळ्यात जास्त घाबरतात कारण त्याला एक असा बेअर अॅक्ट नाही, बराचसा कायदा निकालांतनं घडलाय. पण गोष्टी म्हणून वाचला तर हाच विषय सगळ्यात सोपा. १४१० सालची इंग्लंडातली ग्लॉस्टरच्या शाळेची केस घ्या, एका मास्तरानं जुन्या शाळेसमोर दुसरी शाळा काढली, जुन्या शाळेची फी उतरवायला लागली, नुकसान झालं, तरी कोर्ट म्हणालं की हक्क कुठला मोडला नाही म्हणून भरपाई नाही. आपल्याकडं एका कंदी पेढ्याच्या दुकानाशेजारी दुसरं निघालं तर हेच. आणि याच्या उलट १७०३ ची अॅशबी विरुद्ध व्हाइट, मतदाराला मत टाकू दिलं नाही, त्याचा माणूस निवडून आला तरी, नुकसान शून्य पण हक्क मोडला म्हणून दाद मिळाली. या दोन केस शेजारी शेजारी ठेवल्या की 'डॅम्नम साईन इन्ज्युरिया' (हक्क न मोडता झालेलं नुकसान) आणि 'इन्ज्युरिया साईन डॅम्नो' (नुकसान नसताना मोडलेला हक्क) ही दोन लॅटिन नावं पाठ करायची गरजच पडत नाही, आपोआप लक्षात राहतात. तसंच १८६८ ची रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, स्वतःच्या जागेत पाणी साठवलं ते शेजारच्या खाणीत शिरलं, कोर्ट म्हणालं चूक नसली तरी साठवणाराच जबाबदार. आपल्याकडं कारखान्याची मळी कुणाच्या विहिरीत उतरली तर पहिला प्रश्न इथनंच सुरू होतो. त्याच्या पुढं आपल्या सुप्रीम कोर्टानं १९८६ च्या डिसेंबरात एम. सी. मेहता केसमधे, दिल्लीतल्या ओलियम गॅस गळतीवर निकाल देताना, इंग्लंडचा नियम आपल्याला पुरा पडत नाही असं म्हणून संपूर्ण जबाबदारीचं तत्त्व आणलं, धोकादायक धंदा करणाऱ्याला कुठलीच सबब चालणार नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी भोपाळ झालेलं होतं. हा क्रम कळला तर तत्त्व विसरत नाही कुणी.

आता फॅमिली लॉ, यावर मला जरा जास्त बोलायचंय. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधली एक हुशार मुलगी, हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ वर तिनं पेपरात सुंदर उत्तर लिहिलेलं, आणि त्याच उन्हाळ्यात हक्कसोड पत्रावर सही करून आली. घरी सांगितलेलं की फेरफाराच्या नोंदीला सही लागते. मी विचारलं, तू काय सोडलंस माहिताय का, तर रडायला लागली. साहेब, भावाला हक्क द्यायचा असेल तर बहिणीनं खुशाल द्यावा, तिची मर्जी आहे, कायदा आडवा येत नाही. पण कायदा शिकणाऱ्या मुलीला आपण नेमकं काय देतोय ते माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटलं. त्यामुळं आमच्या रिव्हिजनमधे कलम ६ सातबाऱ्यावरच शिकवते. ९ सप्टेंबर २००५ पासनं मुलगी ही मुलासारखीच जन्मानं कोपार्सनर, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार. ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा केसमधे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात असायला पाहिजेत असं काही नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर ते उकरून काढता येत नाही. आपल्या महाराष्ट्रानं तर १९९४ लाच दुरुस्ती केली होती पण त्यात आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. आणि पोरांचा नेहमीचा घोळ म्हणजे वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित, वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल तर तिथं कलम ६ नाही, कलम ८ लागतं आणि त्यात मुलगी १९५६ पासनंच पहिल्या वर्गाची वारस आहे. हे सगळं एका सातबाऱ्यावर, एक आजोबा, दोन मुलं, तीन मुली असा वंशवेल काढून हिस्से पाडायला लावले की तासाभरात होतंय. पाठ करून होत नाही.

गुन्ह्यांच्या कायद्यात सध्या वेगळीच अडचण आहे. १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता लागू झाली, जुन्या आयपीसीची ५११ कलमं होती, नव्यात ३५८ आहेत, सगळे नंबर फिरलेत, आणि दुकानात अजून जुन्या नंबरचे संच विकले जातायत, मी स्वतः बघितलेत. आपल्या तोंडात '३०२ लागलं' म्हणजे खून असं बसलंय, पण नव्या संहितेत खुनाची शिक्षा १०३ ला आहे, आणि नवं ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द बोलणं. ४२० आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेलंय. जुनं ३४ म्हणजे सामाईक इरादा, तो आता ३ च्या पाचव्या पोटकलमात, आणि नव्या ३४ पासनं खासगी बचावाचा हक्क सुरू होतो, म्हणजे पेपरात नुसता नंबर लिहिला तर अर्थच उलटा. तरी जुने नंबर टाकून देऊ नका, १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा आयपीसीखालीच चालतो आणि तशा केसेस कोर्टात अजून कितीतरी वर्षं राहणार आहेत. वहीच्या एका पानावर डावीकडं जुनं उजवीकडं नवं असा तक्ता स्वतःच्या हातानं काढा. खून आणि सदोष मनुष्यवध यातला फरक मात्र नंबरवर अवलंबून नाही, तो हेतू आणि जाणिवेवर आहे, तो समजूनच घ्यावा लागतो.

घटनेबद्दल थोडंच लिहिते. ज्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव शाळेत दाखल झालं, राजवाड्यावरच्या त्याच शाळेवरनं रोज जाणाऱ्या पोरांनी कलम १४, १९, २१ संचातनं वाचावीत हे मला बघवत नाही. मूळ मजकूर वाचा, १२ ते ३५ एकदा सलग वाचायला तास दीड तास लागतो फक्त. निकाल एकेकटे नका पाठ करू, १९५० चा गोपालन, त्याच्यानंतर १९७८ चा मेनका गांधी, कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, कसं मोठं होत गेलं ते त्या दोघांत दिसतं. केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, एवढं काठावर मूलभूत चौकटीचं तत्त्व, म्हणजे संसदेला घटनेचा गाभा बदलता येत नाही हे, उभं राहिलंय. आणि कलम ३२ आणि २२६ मधला फरक तर आता आपल्या दारात आलाय. ३२ खाली सुप्रीम कोर्टात जाता येतं ते मूलभूत हक्कासाठीच, २२६ खाली हायकोर्टात इतर हक्कांसाठी पण जाता येतं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासनं सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला चालू झालंय. आमच्या सिनियर पिढीनं त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली. आज पहिल्या वर्षाला असलेली पोरंच उद्या तिथं उभी राहणार आहेत.

पोरं विचारतात की वेळ कमी आहे मग करू काय. मी सांगते ते एवढंच, रोज एका विषयाची पाच कलमं, एका कलमाला एक पान, वर कलमातले शब्द जसेच्या तसे, खाली त्याचे तुकडे पाडून कुठल्या कुठल्या गोष्टी सिद्ध करायला लागतात ते, मग गावातलं एक उदाहरण, आणि एक केस, तिच्यात आधी झालं काय, वाद कशाचा होता, कोर्ट काय म्हणालं आणि का. 'का' सोडू नका. मग पुस्तक मिटून ते पान कुणाला तरी मोठ्यानं मराठीत समजावून सांगा, आईला सांगा, भावाला सांगा, त्यांना कळलं तर तुम्हाला कळलंय. पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर इंग्रजीतले तांत्रिक शब्द तेवढे वेगळे घोटा. आणि शेवटच्या आठवड्यात नवीन गाईड हातात घेऊ नका.

ज्यांना वाटतं पहिलं वर्ष मागं पडलं की संपलं त्यांना ऑल इंडिया बार परीक्षेचा, म्हणजे वकिली करायला पास व्हावी लागणाऱ्या परीक्षेचा, अभ्यासक्रम दाखवा. शंभर प्रश्नांत घटनेचे दहा, गुन्ह्यांचे आठ, फॅमिली लॉचे आठ, कॉन्ट्रॅक्ट आणि त्याच्या जोडीच्या कायद्यांचे मिळून आठ, टॉर्टचे मोटार वाहन आणि ग्राहक कायदा धरून पाच, म्हणजे चाळीसच्या आसपास प्रश्न पहिल्या वर्षातल्या विषयांचे. तिथं बेअर अॅक्ट आत न्यायला परवानगी असते, पण आयुष्यात कधी उघडलाच नसेल तर तेवढ्या वेळात कलम सापडत नाही, हे मी ज्युनियर पोरांचं बघितलंय.

आता मागणं काय आहे ते सांगते. आपल्या भागातल्या लॉ कॉलेजांनी परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस पहिल्या वर्षासाठी रिव्हिजनला मोकळे ठेवावेत, नवीन पोर्शन संपवायची घाई तेव्हा नको, आणि त्यात कोर्टात रोज उभं राहणारे वकील बोलवावेत. आमच्या बारमधले (वकील संघटनेतले) कितीतरी जण एक तास यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरायचा प्रश्न वेगळा आहे, तो संस्थांनी आणि सरकारनं सोडवायचा, पण तोपर्यंत पोरांचं वर्ष जाऊ देऊ नका. तुमच्याकडं पण एक मागणं आहे साहेब, आठवड्याला पाव कॉलम द्या, त्यात एक कलम साध्या मराठीत आणि एक इथलंच उदाहरण, लिहून द्यायची जबाबदारी आम्ही चार वकील घेतो, मानधन नको. पोरांच्या निमित्तानं शेतकरी पण वाचतील, तोंडी व्यवहाराचा दावा लावता येतो हे एखाद्याला तीन वर्षं व्हायच्या आत कळंल.

येत्या रविवारी आमच्याकडं फॅमिली लॉ आहे, पोवई नाक्याजवळ, सकाळी सात ते साडेनऊ. झेरॉक्सच्या दुकानात भेटलेली ती मुलगी येते म्हणालीय. येताना बेअर अॅक्ट, कोरी वही आणि घरचा सातबारा आणायला सांगितलाय.

आपली नम्र,
एक वकील, सातारा